वारा नसलेल्या गावातून वाऱ्याचं करिअर

रायपूरच्या एखाद्या मराठी घरात मुलीने ‘मला पवन आणि सौर ऊर्जेत काम करायचंय’ म्हटलं, की आईवडिलांची पहिली शंका अगदी रास्त असते: इथे वारा आहेच कुठे? तिकडे महाराष्ट्रात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा साक्रीजवळ ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. महानदीच्या सपाट खोऱ्यात तसं काही दिसत नाही. पण अमुक जागी वारा पुरेसा आहे की नाही, हे आकड्यांत सांगणं हाच तर हा व्यवसाय. ‘इथे पवनचक्की लावू नका’ या सल्ल्याचेही पैसे मिळतात.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वेग मिळाला, तर वेग २० टक्क्यांनी वाढतो आणि ऊर्जा सुमारे ७३ टक्क्यांनी. म्हणजे मोजणीत थोडी चूक झाली, तरी प्रकल्पाचा हिशेब कोसळतो. म्हणून जागेवर उंच मास्ट, म्हणजे मोजणीचा खांब, उभारून निदान वर्षभर वेग आणि दिशा नोंदवतात, त्या नोंदी अनेक वर्षांच्या हवामानाच्या माहितीशी पडताळतात, आणि मग बँकेचा प्रश्न येतो: पी-९० किती? ज्या आकड्याच्या खाली उत्पादन न जाण्याची शक्यता ९० टक्के, तो पी-९०. कर्ज देताना बँका या आकड्याकडे बारकाईने बघतात. त्यामुळे माझ्या मते यंत्रं खोलून बघणाऱ्या मुलापेक्षा संख्याशास्त्रात रमणारी मुलगी इथे जास्त टिकेल. ‘तिला एकटीला साइटवर कसं पाठवायचं’ हा प्रश्न येणारच. विश्लेषणाचं बरंचसं काम संगणकावर होतं. साइट मात्र पूर्ण टळत नाही, हे आधीच मान्य करावं.

पवन आणि सौर एकत्र जोडणाऱ्या हायब्रिड प्रकल्पाचं गणितही जागेप्रमाणे बदलतं. सह्याद्रीत पावसाळ्यात ऊन मंदावतं तेव्हाच वारा जोर धरतो, म्हणून तिथे दोघांची जोडी जमते. केंद्राने २०१८ साली पवन-सौर हायब्रिड धोरण आणलं ते अशाच जोडीसाठी. रायपुरात ढग आले की वारा धावून येत नाही. इथे सौर आणि बॅटरी. जवळच्या राजनांदगाव जिल्ह्यात १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२४ साली सुरू झाला, त्याला १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडलेली आहे. ४० मेगावॅट तीन तास, म्हणजे साधारण संध्याकाळची गरज भागावी असा हिशेब. लहान प्रमाणावर हेच काम छत्तीसगडच्या ‘क्रेडा’ या सरकारी अक्षय ऊर्जा संस्थेने दुर्गम गावांत आणि आरोग्य केंद्रांत केलं आहे. तिथे लसींचा फ्रीज रात्रभर चालला पाहिजे, एवढ्या एका अटीवर सगळी रचना ठरते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. ‘रिन्यूएबल’ असं नाव लावलेल्या महागड्या खासगी पदवीच्या मागे लागू नका. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचा पाया पक्का करा, विशेष अभ्यास एम.टेक.ला करता येतो. बारावी छत्तीसगडातून असेल तर एनआयटी रायपूरच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यात असतात, हा फायदा सोडू नये. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी सौर यंत्रणा बसवण्याचं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण आहे, आणि वाऱ्याच्या मोजणीतली मुख्य सरकारी संस्था चेन्नईत आहे.

‘कोरब्याला एनटीपीसीत चिकटला की सुटलो’ म्हणणाऱ्या वडिलांना एवढंच सांगते, की त्याच एनटीपीसीने २०३२ पर्यंत ६० गिगावॅट अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट ठेवलं आहे. खासगी कंपन्यांत मात्र सुरुवातीची वर्षं फिरतीची, अनेकदा कंत्राटी असतात, आणि धोरण बदललं की भरती आटते.

कल तपासायला क्लास लावायची गरज नाही. नासाच्या ‘पॉवर’ संकेतस्थळावर रायपूर आणि पाटण या दोन्हीकडचं तासागणिक ऊन-वारं फुकट मिळतं. प्रकल्पाला ही माहिती ढोबळ पडते, सरावाला पुरते. घरच्या वीजबिलातली युनिटं समोर ठेवून जुलैतली सौर विजेची तूट कशी भरायची, ते मुलीला एक्सेलमध्ये मांडायला सांगा. बॅटरी केवढी घ्यायची यावर ती जेवतानाही वाद घालू लागली, तर खुशाल अर्ज भरा.