जादूला ऊन लागायचे, क्रिशला काय लागते?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्यासोबत 'कोई... मिल गया', 'क्रिश' आणि 'क्रिश 3' असे तिन्ही सिनेमे ओळीने तीन रात्री पाहिले. तिसऱ्यात मारामारी मोठी, खलनायक मोठा, इमारतीच्या इमारती कोसळतात. पण मन कुठे गुंतले नाही. भाचा तर अर्ध्यातच मोबाइल मागू लागला. दुसऱ्या दिवशी मात्र तो अंगणात जादू-जादू खेळत होता. पैसा आणि तंत्र वाढूनही सिनेमा फिका का पडावा? कॉम्प्युटरची करामत कमी पडली, की परदेशी सिनेमांची नक्कल नडली? आणि मधला 'क्रिश 2' कुठे गेला?
— एक वाचक, पिपरी मेघे (जि. वर्धा)

उत्तर : शेवटची शंका आधी मिटवू, कारण ती सोपी आहे. 'क्रिश 2' कुठेही हरवलेला नाही. 'कोई... मिल गया' 8 ऑगस्ट 2003 रोजी आला, 'क्रिश' 23 जून 2006 रोजी आणि 'क्रिश 3' 1 नोव्हेंबर 2013 रोजी. तिन्हींचे दिग्दर्शक राकेश रोशन आणि कथा एकाच घराण्याची. मोजणी जादूच्या सिनेमापासून केली की क्रिशचा दुसरा सिनेमा मालिकेतला तिसरा ठरतो. नाव क्रिशचे आणि आकडा घराण्याचा, म्हणून हा घोळ होतो. तुमच्यासारखे अनेक जण मधला भाग शोधत बसतात.

आता मोठी शंका. तिच्याभोवती दोन-तीन गैरसमज आहेत, ते आधी बाजूला करू. 'क्रिश 3' पडला होता, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो दिवाळीत लागला आणि त्याने चांगला गल्ला जमवला. गल्ला हा तिकीट काढण्यापूर्वीच्या उत्सुकतेचा हिशेब असतो. थिएटरातून बाहेर पडताना माणूस काय घेऊन निघाला, हे त्यातून कळत नाही. तुम्ही विचारता आहात ते या दुसऱ्या हिशेबाबद्दल.

कॉम्प्युटरच्या करामतीला दोष द्यावा, तर तोही टिकत नाही. 'क्रिश 3'ची दृश्ये मुंबईच्याच रेड चिलीज व्हीएफएक्सने घडवली आणि त्यांतली कित्येक आजही डोळ्यांना खटकत नाहीत. उलट पहिल्या सिनेमातला परग्रहवासी जादू म्हणजे काय होते? एक पोशाख, आणि त्याच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे नट. तुमचा भाचा मात्र खेळला तो त्या पोशाखातल्या जादूचा खेळ. तंत्रामुळे जीव गुंतत असता, तर अंगणात वेगळा खेळ रंगला असता.

राहिली नक्कल. 'क्रिश 3' पाहताना 'एक्स-मेन'ची आठवण येते, हे खरेच आहे: खुर्चीत बसून मनाच्या बळावर वस्तू हलवणारा माणूस, रूप पालटणारी बाई, लोखंडावर चालणारी हुकमत. पण 'कोई... मिल गया'ही स्टीव्हन स्पीलबर्गच्या 1982 सालच्या 'ई. टी.'शी नाते सांगतोच. परग्रहावरचा पाहुणा, त्याला लपवणारी मुले, मागे लागलेले पोलीस हे सगळे दोन्हीकडे आहे. साम्यामुळेच सिनेमा बिघडत असता, तर पहिलाही बिघडायला हवा होता. तो बिघडला नाही, म्हणजे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते कारण उन्हात सापडते. जादूची सगळी ताकद उन्हातून येते; ढग आले की तो हतबल होतो. वर्ध्याच्या बाजूला मे महिन्यात उन्हाची कमतरता नसते, पण श्रावणात सलग आठ दिवस सूर्य न दिसला की अंगाला कशी मरगळ येते, हे तुम्हाला सांगायला नको. लहान मुलालाही हा नियम एका वाक्यात समजतो आणि समजला की पुढची भीती आपोआप तयार होते. आभाळ भरून आले, की प्रेक्षक जादूसाठी काळजीत पडतो; त्याला घाबरवायला वेगळ्या खलनायकाची गरज उरत नाही. त्याच सिनेमाच्या नायकाचे, रोहितचेही तसेच. जन्माआधीच मेंदूला इजा झालेला हा मुलगा शरीराने वाढला, पण शाळेत लहान मुलांच्या वर्गातच राहिला. त्याला मिळालेली शक्ती आपल्याला एवढी सुखावते, कारण ती नसताना त्याचे काय हाल होते, ते आपण आधी पाहिलेले असते.

'क्रिश'मध्ये नियम बदलला, पण नियम होता. आजीने नातवाला, म्हणजे रोहितच्या मुलाला कृष्णाला, डोंगरात लपवून वाढवले आणि आपली शक्ती कुणाला दाखवायची नाही, असे वचन घेतले. सिंगापुरात सर्कशीच्या तंबूला आग लागते, आत मुले अडकतात, आणि कृष्णाची कोंडी होते: वचन पाळावे, की मुले वाचवावीत? तुटलेला काळा मुखवटा चढवून तो क्रिश होतो तो या कोंडीतून सुटण्यासाठी. भारतीय पडद्यावरच्या सुपरहिरोंमध्ये मुखवट्याला इतके चोख कारण मला दुसरे दिसलेले नाही.

आणि तिसऱ्यात? क्रिश उडतो, पण त्याला ना ऊन लागते, ना वचन आड येते. बचावाला धावताना त्याच्या नोकऱ्या जातात खऱ्या, पण तेवढ्या बाबतीत सिनेमा हसून पुढे सरकतो. ज्याला काहीच कमी पडत नाही, त्याची काळजी प्रेक्षकाने का करावी? खलनायकाचेही असेच झाले आहे. काल हा सुरुवातीला मानेखाली लुळा आहे, फक्त दोन बोटे हलतात. त्या दोन बोटांनी तो जग हलवतो, तेव्हा खरेच धडकी भरते. पुढे रोहितच्या अस्थिमज्जेतून त्याला बरे केले जाते, तो चिलखत चढवून उभा राहतो आणि मारामारी करणारा आणखी एक धिप्पाड माणूस होऊन बसतो.

पण चांगली संधी कशी हातची गेली, हे पाहायचे असेल तर विषाणूचा भाग घ्या. काल विषाणू पसरवतो, मुंबईत माणसे मरू लागतात आणि उतारा सापडतो क्रिशच्या रक्तात. 'असे काही असते का?' असे अनेक वाचक विचारतात. कल्पना अगदीच हवेतली नाही. सापाच्या विषावरचे औषध असेच तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे या औषधाशी जोडले गेले आहे. घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा टोचतात आणि ती हळूहळू वाढवत नेतात. काही आठवड्यांत त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रथिने तयार होतात. मग रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात आणि शुद्ध करून कुप्यांत भरतात. शेतात साप चावलेल्या माणसाला रुग्णालयात देतात ते हेच. तेव्हा एकाच्या रक्तातून दुसऱ्याचा उतारा, इथपर्यंत सिनेमा विज्ञानाच्या जवळच आहे.

अडचण येते ती प्रमाणात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. क्रिशचे सगळे रक्त काढून सारखे वाटले, तरी माणशी एका थेंबाचा शंभरावा भागही येत नाही. अर्थात प्रयोगशाळेत उतारा वाढवता येईल, असे सिनेमा म्हणू शकतो, आणि म्हणावेच. पण वाढवायला वेळ लागतो. त्या वेळात काय होईल? आधी कुणाला द्यायचे? लेकरांना, डॉक्टरांना, की स्वतःच्या गरोदर बायकोला? 2021 साली आपण सगळ्यांनी हे अनुभवले आहे. कोरोनाची लस आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना, मग साठीच्या पुढच्यांना, मग पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, आणि घराघरात कुणाचा नंबर कधी, याचीच चर्चा. पडद्यावर तो प्रश्न पडता, तर क्रिशला उडता येऊनही उपयोग नव्हता. तिथे त्याला निवड करावी लागली असती. सिनेमाने उतारा घाईने शहरभर पसरवला आणि आपल्या सगळ्यात मोठ्या कोंडीला हातही न लावता तो मारामारीकडे वळला.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. जेम्स कॅमेरॉनच्या 1984 सालच्या 'टर्मिनेटर'मध्ये एक साधा नियम आहे: काळातून मागे जाताना शस्त्र सोबत नेता येत नाही. त्यामुळे रक्षण करायला आलेला माणूस रिकाम्या हातांनी येतो. 1991 च्या दुसऱ्या भागात आपल्या बाजूचे यंत्र जुने आणि शत्रूचे नवे, वाटेल तो आकार घेणारे. पुन्हा कमतरता आपल्याच पदरी. तिथे संकट टळले आणि लोक समाधानाने घरी गेले. 2003 च्या तिसऱ्या भागाने सांगितले की ते टळले नव्हते, फक्त लांबले होते. 2019 च्या 'डार्क फेट'ने तर ज्या मुलाला वाचवण्यासाठी दुसरा भाग खर्ची पडला, त्यालाच सुरुवातीच्या काही मिनिटांत मारून टाकले. एकदा जिंकलेले असे पुसले जाऊ लागले, की पुढच्या विजयावर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही.

असे का होते, तर पुढचा भाग मागच्यापेक्षा मोठा असावा, असा दबाव निर्मात्यावर असतो. शक्ती वाढवणे सोपे असते, कॉम्प्युटरमुळे तर आणखी सोपे. उणीव नव्याने शोधणे अवघड, आणि ते काम कागदावरच करावे लागते. खरे तर या घराण्यात ढिलाईची सुरुवात पहिल्याच सिनेमाच्या शेवटी झाली. जादू निघून गेल्यावर रोहित पूर्वीसारखा होतो. तिथे गळा दाटून येतो. पण थोड्याच वेळात त्याची शक्ती कायमची परत येते. त्या वेळी आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मात्र उन्हाची अट तिथेच सुटली आणि पुढच्या पिढीला ती कधी लागू झालीच नाही.

'क्रिश 3'ला मी सरसकट वाईट मात्र म्हणणार नाही. आरंभी रोहित सूर्यकिरणांच्या बळावर मेलेल्या रोपात जीव आणू पाहतो. रोप टवटवीत होते आणि जास्तीच्या तेजाने जळून जाते. शेवटी मुलाचा श्वास थांबलेला असताना तो तीच किरणे वापरतो, आणि जास्तीचे तेज स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. इथे नियम आधी सांगितला गेला, किंमत नंतर मोजली गेली आणि ऊन पुन्हा कथेत आले. संपूर्ण सिनेमात मला हलवून गेलेली जागा एवढीच.

विज्ञानकथेची ही शिस्त मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकरांची कोणतीही कथा उघडा: एक गृहीत धरलेली गोष्ट आणि मग तिच्यातून जे-जे निघते ते सगळे, आवडो वा न आवडो. मधेच सोयीचे दार उघडत नाही. भाचा दहा-बारा वर्षांचा असेल, तर त्याच्या हाती 'यक्षांची देणगी' द्यायला हरकत नाही.

मालिकेचा पुढचा भागही येऊ घातला आहे. मार्च 2025 मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केले की त्याचे दिग्दर्शन हृतिक रोशन करतील. तो येईपर्यंत भाच्याने पुन्हा हट्ट धरलाच, तर 'कोई... मिल गया' पूर्ण दाखवा, 'क्रिश'मधला सर्कशीचा प्रसंग दाखवा आणि तिसऱ्याचा फक्त रोपाचा प्रयोग आणि शेवट दाखवा. मोबाइल मागितला नाही, तर मला जरूर कळवा.