मजकूर लपला, पण पत्ता?

प्रश्न : कूटबद्ध संदेश कोणासाठी आहे, हेही गुप्त राहते का? आणि ‘नाकारता न येणारी सही’ नेहमीच्या डिजिटल सहीपेक्षा वेगळी कशी?

उत्तर : पाकीट फोडता आले नाही, तरी त्यावरचा पत्ता वाचता येतोच. आरएसए या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीत प्रत्येकाच्या सार्वजनिक किल्लीत एक मोठी संख्या असते आणि कूटबद्ध झालेला आकडा तिच्यापेक्षा लहानच येतो. समजा, एकाची संख्या ३२३३, दुसऱ्याची २७७३. हाती ३००० हा आकडा आला, तर तो दुसऱ्यासाठी नाही, हे उघड झाले. एल्गमाल पद्धतीत सगळ्यांनी एकच गणिती गट वापरला, तर असा माग लागत नाही. मिहिर बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माग न लागण्याच्या या गुणधर्माची काटेकोर व्याख्या केली. अर्थात, ईमेलवर नाव-पत्ता उघडा असेल, तर या गणिताचा काही उपयोग नाही.

आता सहीकडे वळू. नेहमीची डिजिटल सही सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येते. डेव्हिड चॉम आणि हान्स व्हॅन अँटवर्पेन यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘नाकारता न येणारी सही’ मात्र करणाऱ्याच्या सहभागाशिवाय तपासता येत नाही. तपासणारा एक आव्हान पाठवतो, सही करणारा खासगी किल्लीने त्याचे उत्तर देतो. मग त्याने कानावर हात ठेवले तर? त्यासाठी वेगळी नकार-प्रक्रिया आहे. सही बनावट असेल, तरच ती पार पडते. खऱ्या सहीबाबत त्यातून निसटण्याची शक्यता नगण्य. प्रक्रियेलाच नकार दिला, तर संशय त्याच्यावरच येतो.