गोठ्यांत वायां जाणारें खत

केरकचरा, शेण व राख उकिरड्यावर उन्हापावसांत पडून राहतात. त्यांतील सत्त्व ओढ्यास मिळतें, आणि उरलेला भुगा आपण खत म्हणून शेतांत नेतों. याहून मोठी हानि गोठ्यांत होते. जनावरांच्या मूत्रांत नत्र व पालाश विपुल असतात. पण तें धरून ठेवण्याची सोय थोड्याच गोठ्यांत आढळते.

इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं अशाच टाकाऊ जिनसांपासून खत करण्याची रीत बसविली. तींत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती मूत्रानें भिजलेली माती. गोठ्यांत कोरडी माती पसरावी. ती भिजली कीं काढून नवी घालावी. उथळ खड्ड्यांत पालापाचोळा, धसकटें व उसाचें पाचट यांचा थर द्यावा, त्यावर शेणकाला, ही माती व थोडी राख. मग पुन्हां तसाच थर. पऱ्हाट्या टणक असतात, म्हणून त्या आधीं गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चिरडाव्या. थर मात्र तुडवूं नयेत. आंत हवा खेळली नाहीं तर ढीग कुजण्याऐवजीं सडतो. पावसाळ्यांत खड्डा पाण्यानें भरतो, तेव्हां जमिनीवरच ढीग घालावा.

ओल राखून तीन वेळां पालट केल्यास सुमारें ९० दिवसांत काळसर, भुसभुशीत खत तयार होतें. पालटण्याचें काम जड आहे व मजुरी महाग, हें आम्ही जाणतों. ज्यांस तें झेपत नाहीं त्यांनीं यंदा निदान गोठ्यांत माती तरी पसरावी.