गडजात, मोगलबंदी आणि तीस जिल्हे

ओडिशा राज्याच्या नकाशावर आज तीस जिल्हे दिसतात. हा आकडा शाळकरी मुलेही पाठ करतात. परंतु तो कसा सिद्ध झाला, याची हकिकत पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. जिल्ह्याच्या सीमा म्हणजे केवळ कारभाराच्या सोयीसाठी कागदावर ओढलेल्या रेघा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ओडिशाच्या बाबतीत तरी ती अपुरी ठरते. येथील पुष्कळशा रेघा जुन्या संस्थानांच्या सीमांवरून गेलेल्या आहेत, काही भाषेच्या वादातून उमटल्या आहेत आणि काही ठिकाणी, जेथे रेघ ओढली जावयास हवी होती तेथे ती दीर्घकाळ ओढलीच न गेल्यामुळे लोकांनी हाल सोसले आहेत.

आजची रचना प्रथम सांगून टाकणे बरे. राज्याचे तीन महसूल विभाग असून त्यांची मुख्य ठाणी कटक, संबळपूर आणि ब्रह्मपूर येथे आहेत. त्यांना अनुक्रमे मध्य, उत्तर व दक्षिण विभाग असे म्हणतात. प्रत्येक विभागात दहा जिल्हे येतात आणि त्यांवर महसूल विभागीय आयुक्ताची देखरेख असते. जिल्ह्यांखाली ५८ उपविभाग, ३१७ तहसिली व ३१४ विकासगट आहेत. महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाचा तलाठी मात्र येथे त्या नावाने भेटत नाही. तहसिलीच्या खाली महसूल निरीक्षकाचे मंडळ असते आणि शेतसारा, जमिनीचे उतारे, दाखले यांसाठी गावकऱ्याला त्याच कार्यालयाची पायरी चढावी लागते. ही सारी उतरंड नीटनेटकी दिसते खरी. पण तिचा पाया फार जुना आणि ओबडधोबड आहे.

त्या पायाचा एक चिरा मराठ्यांनी बसविलेला आहे. १७५१ साली बंगालचा नबाब अलिवर्दीखान आणि नागपूरकर भोसले यांच्यात तह झाला आणि सुवर्णरेखा नदीच्या दक्षिणेकडील ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेला. कटक हे सुभ्याचे ठाणे झाले आणि शिवभट साठे यांच्यासारखे सुभेदार तेथून कारभार पाहू लागले. या काळात प्रदेशाचे दोन ठळक भाग मानले जात. समुद्रालगतची सुपीक, सरकारी साऱ्याखाली असलेली भूमी ती मोगलबंदी. आणि तिच्या पश्चिमेला डोंगर व जंगलांत वसलेल्या, केवळ खंडणी भरून आपला कारभार आपण पाहणाऱ्या राजांचा मुलूख तो गडजात. ही विभागणी मुळात मोगल अमदानीतील. पण मराठ्यांनी ती टिकविली आणि इंग्रजांनी ती जशीच्या तशी उचलली. पुढे दीडशे वर्षे मोगलबंदीत जिल्हे झाले, गडजातांत संस्थाने राहिली. एका बाजूस कायदा, मोजणी व दप्तर, तर दुसऱ्या बाजूस राजाची मर्जी आणि वेठबिगार, हा भेद या शब्दांच्या मागे उभा आहे.

१८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी कटक घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वऱ्हाडातील देवगाव येथे झालेल्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी त्या प्रांतावरील हक्क सोडला. प्रारंभी सारी मोगलबंदी एकाच जिल्ह्यात होती. १८२८ मध्ये बालेश्वर आणि पुरी हे जिल्हे कटकपासून वेगळे करण्यात आले व तिन्ही मिळून ओडिशा विभाग बनला. त्याचा आयुक्त कटकला बसे. पण अंतिम शब्द कलकत्त्याच्या महसूल मंडळाचा असे.

हे अंतर किती महागात पडू शकते, हे १८६६ च्या दुष्काळाने दाखविले. आदल्या वर्षी पाऊस लवकर संपला आणि भाताचे पीक बुडाले. बाहेरून तांदूळ आणण्याची परवानगी आयुक्त रेव्हनशॉ यांनी मागितली. भाव चढले की व्यापारी आपोआप तांदूळ आणतील, या विश्वासावर कलकत्त्याने ती नाकारली. पुढे पावसाळा लागला, खवळलेल्या समुद्रामुळे बंदरांवर माल उतरविणे अशक्यप्राय झाले आणि रस्ते तर धड नव्हतेच. विभागातील सुमारे दहा लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास एकतृतीयांश, या आपत्तीत दगावली. चौकशी समितीने पुढे आयुक्तांवर आणि मंडळावरही ठपका ठेवला. आयुक्ताच्या दोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु मरणाऱ्यांच्या सर्वात जवळ असलेल्या कार्यालयाच्या हाती धान्य आणण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट कोणी नाकारू शकत नाही.

ओडिया बोलणारा सारा मुलूख त्या काळी या एका विभागात नव्हताच. गंजाम मद्रास इलाख्यात होता. कोरापुटचा डोंगराळ भाग, म्हणजे जयपूरची विस्तीर्ण जमीनदारी, तीही मद्रासकडेच. १८४९ साली खालसा झालेले संबळपूर १८६२ मध्ये मध्य प्रांतात घातले गेले आणि त्याचा कारभार नागपुराहून चालू लागला. तिन्ही ठिकाणी ओडिया माणूस अल्पसंख्य आणि दूरस्थ. संबळपुरात तर कचेऱ्यांतून ओडिया काढून तिच्या जागी हिंदी आणण्याचा निर्णय झाला आणि १८९६ पासून तो अमलातही आला. आपल्याच गावच्या न्यायालयात आपलाच अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेण्याची पाळी लोकांवर आली. वकील, शिक्षक, कवी असे सारे या निर्णयाविरुद्ध उभे राहिले. १९०३ मध्ये ओडिया भाषा कचेऱ्यांत परत आली आणि १९०५ साली संबळपूरचा बहुतेक भाग ओडिशा विभागास जोडला गेला. भाषेच्या पायावर प्रांत मागण्याची जी चळवळ मधुसूदन दास यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये उत्कल संमेलनाच्या रूपाने संघटित झाली, तिला या प्रकरणाने मोठे बळ दिले. प्रांतरचनेच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

१ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा हा स्वतंत्र प्रांत झाला, तेव्हा त्यात कटक, पुरी, बालेश्वर, संबळपूर, गंजाम व कोरापुट असे सहा जिल्हे होते. गडजात अद्याप बाहेरच होते. प्रांताचे जिल्हे व संस्थानांचा मुलूख एकमेकांत इतके गुंतलेले होते की संबळपूर व कोरापुट हे जिल्हे समुद्रकाठच्या जिल्ह्यांपासून जवळजवळ तुटल्यासारखे होते. या सीमांना सामान्य माणसाच्या लेखी काय अर्थ होता, हे तालचेरच्या प्रजेने दाखवून दिले. १९३८ च्या प्रजामंडळ आंदोलनात दडपशाही असह्य झाली तेव्हा हजारो माणसे घरदार सोडून शेजारच्या इंग्रजी हद्दीतील अंगुलमध्ये जाऊन राहिली. चार कोसांवरची रेघ ओलांडली की राजाचे शिपाई मागे राहत. आज तालचेर आणि अंगुल एकाच जिल्ह्यात आहेत.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सुटण्यास फार काळ लागला नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन कटकला आले व संस्थानिकांशी बोलणी झाली. १ जानेवारी १९४८ पासून संस्थानांचा कारभार प्रांताकडे आला. एकटे मयूरभंज बरोबर एक वर्ष मागे राहिले. सराईकेला व खरसावां ही दोन संस्थाने त्याच वर्षी बिहारकडे गेली. पण त्यापूर्वी, विलीनीकरणाच्या पहिल्याच दिवशी, खरसावां येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले होते. ओडिशात राहिलेल्या चोवीस संस्थानांत चार हजार चौरस मैलांचे मयूरभंज होते आणि अवघ्या ४६ चौरस मैलांचे तिगिरियाही होते. लहान संस्थाने शेजारच्या जुन्या जिल्ह्यांत मिसळली: तिगिरिया, बडंबा, नरसिंहपूर कटकात, नयागढ, खंडपडा, दसपल्ला, रणपूर पुरीत, बामडा व रेढाखोल संबळपुरात. उरलेल्यांतून सात नवे जिल्हे झाले. गांगपूर आणि बोणई मिळून सुंदरगढ झाला. पाटणा आणि सोनपूर मिळून बोलांगीर. ढेंकानाल, केंदुझर, कालाहांडी, फुलबानी आणि मयूरभंज हे बाकीचे. अशा रीतीने १९४९ अखेर ओडिशाचे तेरा जिल्हे झाले.

पुढली चाळीस वर्षे या तेरांत बदल झाला नाही. विलीनीकरणाच्या घाईत केलेली सोय पक्की होऊन बसली. एकट्या कोरापुट जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे सत्तावीस हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे केरळ राज्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक. मलकानगिरीच्या माणसाला जिल्हा कचेरीत जायचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक घाटरस्ता तुडवावा लागे. मजुरी बुडे, एका दिवसात परतणे होत नसे आणि साहेब दौऱ्यावर असले तर सारा खटाटोप फुकट. या भागात वस्ती मुख्यतः आदिवासींची. आणि जमीन हातची जाण्याचा धोका ज्याला सर्वाधिक, त्यालाच अर्ज देण्याचे ठिकाण सर्वात दूर, अशी ही स्थिती होती.

१९९२ साली, बिजू पटनाईक मुख्यमंत्री असताना, पुनर्रचनेस हात घातला गेला. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला कोरापुटचे चार जिल्हे झाले: कोरापुट, रायगडा, नबरंगपूर व मलकानगिरी. (यातील रायगडा महाराष्ट्रातील रायगडाशी केवळ नावाने जवळ आहे.) गंजाममधून गजपती हा जिल्हा निघाला, परळाखेमुंडीचे राजे कृष्णचंद्र गजपती यांचे स्वतंत्र प्रांताच्या मागणीतील कार्य लक्षात घेऊन त्याला त्यांचे नाव देण्यात आले. १९९३ व १९९४ मध्ये उरलेली विभागणी पुरी झाली आणि तेरांचे तीस झाले.

या नव्या जिल्ह्यांची नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. सोनपूर (म्हणजे सुवर्णपूर), बौध, बामड्याची राजधानी असलेले देवगढ आणि चार जुन्या संस्थानांचा मिळून झालेला नयागढ, हे सारे गडजातच नव्या वेषात परत आले होते. १९४९ मध्ये पुसलेल्या रेघांखाली दळणवळणाच्या, बाजारहाटाच्या आणि आपलेपणाच्या वाटा शाबूत राहिल्या होत्या, असाच याचा अर्थ. आकार मात्र समान झाले नाहीत. २०११ च्या जनगणनेत गंजामची लोकसंख्या पस्तीस लाखांवर होती, तर देवगढची जेमतेम तीन लाख बारा हजार. राजधानी भुवनेश्वरही या पुनर्रचनेत पुरी जिल्ह्यातून खोर्धा जिल्ह्यात गेली. पण जिल्ह्याचे मुख्य ठाणे खोर्धा गावीच राहिले. उच्च न्यायालय कटकला, सचिवालय भुवनेश्वरला आणि खुद्द राजधानीची जिल्हा कचेरी तिसऱ्याच गावी, हा प्रकार नवख्या माणसाला गोंधळात टाकतो.

मयूरभंज, सुंदरगढ आणि केंदुझर हे तीन मोठे जिल्हे १९९२ नंतरही अखंडच राहिले. त्यांतील मयूरभंज १०,४१८ चौरस किलोमीटरांचा असून राज्यात सर्वात मोठा आहे. तेथे रायरंगपूरसाठी, बरगढमध्ये पद्मपूरसाठी आणि रायगडात गुणुपूरसाठी वेगळ्या जिल्ह्याची मागणी वारंवार झालेली आहे. संबळपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळावे ही पश्चिम ओडिशाची मागणी तिच्याच जातीची. २०२२ च्या अखेरीस त्या प्रश्नावर वकिलांचे उग्र आंदोलन झाले. या मागण्यांत राजकारण नसते असे नाही. निवडणुकीच्या तोंडावर त्या हमखास वर येतात. तरीही अर्ज घेऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर जाणाऱ्याची अडचण त्यामुळे खोटी ठरत नाही.

दुसरीकडे, जिल्हा झाला म्हणजे कचेरी जवळ आली असेही नाही. मलकानगिरी जिल्ह्यातील चित्रकोंडा भागात बालिमेळा धरणाच्या जलाशयाने १५१ गावे मुख्य भूमीपासून तोडली होती. १९९२ मध्ये ती नव्या जिल्ह्यात आली, पण पाणी होते तेथेच राहिले. दवाखाना, बाजार आणि कचेरी यांसाठी होडी किंवा लाँच हाच मार्ग होता. सरकार जेथे पोचत नव्हते तेथे माओवाद्यांनी बस्तान बसविले. फेब्रुवारी २०११ मध्ये या भागातील कामे पाहण्यास गेलेल्या जिल्हाधिकाऱ्यांचेच त्यांनी अपहरण केले आणि आठ-नऊ दिवसांनी त्यांची सुटका झाली. जलाशयावरील ९१० मीटर लांबीचा गुरुप्रिया पूल, जिल्हा निर्माण झाल्यानंतर सव्वीसाव्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून या गावांना तहसिलीकडे जाण्यासाठी लाँचची वाट पाहावी लागत नाही.