रिमोटचे विमान

मुलांनो, रिमोटवर उडणारे छोटे विमान तुम्ही पाहिले असेल. ते हलक्या फोमचे किंवा बाल्सा नावाच्या लाकडाचे असते. पुढे पंखा आणि पोटात बॅटरी. उडवणारा आपल्या हातातील रिमोटची दांडी हलवतो. तो इशारा रेडिओलहरींनी विमानात पोहोचतो, पंखांवरच्या पट्ट्या वर-खाली होतात आणि विमान वळते.

असे विमान सुटीच्या दिवशी मैदानात उडवावे, असे कोणालाही वाटेल. पण त्याच मैदानात लहान मुले क्रिकेट खेळतात, वृद्ध माणसे बाकावर बसलेली असतात. म्हणून पुष्कळ बागांत या खेळाला मनाई असते. काही मुलांना हा जुलूम वाटतो. पतंग चालतो, मग विमान का नाही, असे ती विचारतात. (पतंगाचा मांजाही गळा कापतो, पण तो वेगळा विषय आहे.)

थोडे गणित करू या. दीड किलो वजनाचे विमान ताशी 60 किलोमीटर वेगाने येत आहे, असे समजा. दगड वरून सोडला, तर त्याला एवढा वेग यायला सुमारे 14 मीटर खाली पडावे लागते. म्हणजे हे विमान अंगावर आदळणे हे दीड किलोचा दगड चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. फोम थोडा दबेल, पण मोटार आणि बॅटरी दबत नाहीत. शिवाय पुढचा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्यात बोट गेले तर कापलेच म्हणून समजा.

‘मी नीट उडवीन’ असे म्हणणे सोपे आहे. विमान आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा दांडी उजवीकडे नेली की ते आपल्या उजवीकडे वळते. तेच विमान आपल्याकडे तोंड करून आले, की दांडी उजवीकडे नेल्यावर ते आपल्या डावीकडे जाते. नवा मुलगा इथेच गोंधळतो, आणि विचार करायला दोन-तीन सेकंदच मिळतात. जाणकार एक युक्ती शिकवतात. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला दांडी न्यावी. ही सवय होईपर्यंत शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा.

आपल्या देशात केंद्र सरकारने 2021 साली ड्रोन नियम केले. खेळण्याची विमानेही त्यांत येतात. विमान सतत आपल्या नजरेसमोर असावे. मोकळ्या हिरव्या क्षेत्रात ते जमिनीपासून 120 मीटरपर्यंत नेता येते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 60 मीटर आहे आणि 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवताच येत नाही. कुर्ला किंवा वांद्रे येथे राहणाऱ्या मुलांनी आपल्या मैदानाचे उत्तर स्वतःच काढावे. मुंबईत तर पोलीसही वेळोवेळी आदेश काढून ड्रोन व रिमोटच्या विमानांना बंदी घालतात.

मग उडवायचे कोठे? गावाबाहेर, पीक निघालेल्या शेतात, मालकाला विचारून. किंवा हौशी लोकांच्या क्लबात. मला क्लब अधिक पसंत आहे, कारण तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकावे लागते. पूर्वीच्या रिमोटांना ठरावीक लहरी असत. एकाच लहरीवर दोघांनी रिमोट सुरू केले, तर हवेतले विमान बेभान होऊन कोसळे. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील क्लबांत एका फळीवर प्रत्येक लहरीचा एक चिमटा लावलेला असे. चिमटा हातात असेल त्यानेच रिमोट सुरू करायचा. आता 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आल्यापासून ही अडचण जवळजवळ उरलेली नाही.

बाकीची शिस्त मात्र तशीच आहे. सर्व उडवणारे एका रेषेत उभे राहतात. विमाने त्यांच्या समोरच फिरतात, पाठीमागे बसलेल्या माणसांवरून कधीच नेत नाहीत. उडण्यापूर्वी रिमोट बंद करून पाहतात. इशारा तुटला की मोटार आपोआप थांबली पाहिजे. ती तपासणी करताना विमान घट्ट धरून ठेवतात. उतरवताना ‘उतरतोय’ अशी मोठ्याने हाक देतात. कोणाची मोटार हवेतच बंद पडली, तर तो तसे ओरडून सांगतो. मग इतर सगळे आपापली विमाने बाजूला घेतात आणि आधी ते विमान उतरू देतात.