चारच झेल, तरी कोच खूश कसे?

प्रश्न : माझा नातू टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या शाळेत शिकतो. वय १५, उंची सहा फूट दोन इंच. शाळेच्या फुटबॉल संघात तो ‘टाइट एंड’ म्हणून खेळतो. सबंध हंगामात त्याने चारच झेल घेतले, तरी त्याचे कोच म्हणतात, मुलगा पुढे येईल. हे ते कशावरून ठरवतात? नुसत्या उंचीवरून का? आणि त्याने आतापासून वजन वाढवावं का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, तुमची शंका रास्त आहे. ज्याच्या नावापुढे जेमतेम चार झेल आहेत त्याचं कौतुक कशासाठी, असं कोणालाही वाटेल. पण हा आकडा तुमच्या नातवापेक्षा त्याच्या संघाबद्दलच जास्त सांगतो. ते कसं, हे कळायला आधी त्याची जागा समजून घेऊ.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन खेळ. चढाई करणाऱ्या अकरा जणांत मधोमध पाच धिप्पाड गडी ओळीने उभे राहतात. समोरच्यांना थोपवून धरणं हे त्यांचं काम. पुढे फेकलेला पास त्यांनी झेलायचा नसतो. या पाचांच्या टोकाला, अगदी चिकटून उभा राहतो तो टाइट एंड. एका चालीत तो त्या पाचांसारखा समोरच्याला रेटतो, तर पुढच्याच चालीत ओळीतून निसटून पास झेलायला धावतो. यष्टिरक्षकाला फलंदाजीही यावी लागते, तसे याला दोन धंदे शिकावे लागतात. त्यातून आपण यातलं काय करणार आहोत, याचा सुगावा समोरच्याला लागू द्यायचा नसतो.

आता चार झेलांचं गणित पाहू. झेल मिळायचा तर आधी संघाने पास फेकायला हवा. पुष्कळ शाळांचे संघ चेंडू धावणाऱ्याच्या हातात देऊन पुढे सरकणं पसंत करतात. पास फेकलाच, तरी तो याच्याच दिशेने यायला हवा. म्हणून नातवाला असं विचारा : संघाने किती पास फेकले, त्यातले तुझ्याकडे किती आले आणि तू किती धरलेस? पाच आले नि चार धरले असतील, तर तक्रारीला जागाच नाही.

व्यावसायिक टाइट एंड जॉर्ज किटलचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. आयोवा विद्यापीठाकडून खेळताना त्याने सबंध कारकिर्दीत मिळून ४८ झेल घेतले. व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात त्या २०१७च्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याचं नाव थेट पाचव्या फेरीत पुकारलं गेलं. त्याच्याआधी १४५ खेळाडू निवडले गेले होते. दुसऱ्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून त्याने एका हंगामात ८८ झेल घेतले आणि त्यांतून संघाला १,३७७ यार्ड पुढे नेलं. हात तेच होते, पास आता त्याच्याकडे येऊ लागले होते. आणि समोरच्याला रेटण्यात तो आधीपासूनच तरबेज असल्यामुळे त्याला मैदानाबाहेर बसवण्याची वेळच येत नव्हती.

उंचीबद्दल बोलायचं तर तिचा फायदा आहेच. उंच मुलाचा हात बचाव करणाऱ्याच्या डोक्यावरून चेंडूपर्यंत पोचतो. पण रेटारेटीत ज्याचे खांदे खाली तो जिंकतो, आणि उंच मुलाला नेमकं वाकणंच जड जातं. उंचीचा उपयोग कसा करावा, हे टाइट एंड अँटोनिओ गेट्सकडून शिकावं. तो कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तो केंट स्टेट विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळायचा. सहा फूट चार इंच उंची असूनही व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या त्याच्या जागेसाठी तो बुटकाच समजला गेला. २००३च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडलं नाही, तरी पुढे त्याने ११६ टचडाउन, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणारे झेल, घेतले. त्याच्या कामी आली ती बास्केटखाली प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन जागा अडवायची सवय. अर्थात गेट्ससारखा एखादाच. प्रत्येक उंच पोराला त्याच्या मापाने मोजू नये.

वेगाचंही तसंच. टाइट एंड व्हर्नन डेव्हिसने सुमारे ११५ किलो वजन असताना ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.३८ सेकंदांत कापले होते. २००६ मध्ये तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. तरी त्याची पहिली तीन वर्षं बेताचीच गेली. चौथ्या वर्षी मात्र त्याने १३ टचडाउन केले. दोन धंदे अंगवळणी पडायला एवढा वेळ लागतो. पहिल्याच हंगामात हजार यार्ड गाठणारा टाइट एंड १९६१ मध्ये माइक डिटकाच्या रूपाने दिसला होता. त्यानंतर थेट २०२१ मध्ये काइल पिट्सला ते जमलं. आणि त्याच पिट्सला पुढच्या वर्षी, दुखापतीमुळे हंगाम अर्धवट सुटला तेव्हा, ३५६ यार्डांवर थांबावं लागलं.

वय हा मुद्दा लोक हमखास विसरतात. २०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स संघाने दोन टाइट एंड निवडले : पहिल्या फेरीत हेडन हर्स्ट आणि तिसऱ्या फेरीत मार्क अँड्र्यूज. हर्स्ट आधी बेसबॉल खेळून आलेला, चोविशी पार केलेला. अँड्र्यूज बावीस वर्षांचा. दोनच वर्षांत हर्स्टला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं आणि अँड्र्यूज रेव्हन्सचा आधार बनला. एकट्या वयामुळे असं झालं, असं मी म्हणणार नाही. पण वाढायला कोणाला किती वाव उरलाय, हे पाहायलाच हवं. तुमचा नातू तर १५ वर्षांचा आहे.

मग कोच काय पाहत असतील? सामन्याचं चित्रण मिळालं तर तुम्हीही पाहा, फक्त चेंडूवरची नजर काढून नातवावर ठेवा. चाल सुरू होताच त्याचं पहिलं पाऊल झटकन पडतं का? समोरच्याच्या छातीवर हात रोवून शिट्टी होईपर्यंत तो चिकटून राहतो का, की एक धक्का देऊन थांबतो? झेलताना चेंडू तळव्यांत, शरीरापासून दूर धरतो का? छातीशी कवटाळून झेलायची सवय वेळीच मोडावी लागते. शेवटी चित्रण थांबवून त्याला विचारा, ‘बाळा, या चालीत तुझं काम काय होतं?’ शेजारच्या गड्याचं कामही त्याने सांगितलं, तर कोच म्हणतात त्यात तथ्य आहे असं समजा.

वजनाची घाई करू नका. व्यावसायिक टाइट एंड ११० ते ११८ किलोंच्या आसपास असतात, पण ती पुरी वाढ झालेली माणसं. पंधराव्या वर्षी पोटभर घरचं जेवण, झोप आणि कोचच्या देखरेखीखालचा व्यायाम पुरे. डबाबंद पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि सामना थेट पाहायचा असेल तर गजर लावून ठेवा. डॅलसला शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा सामना सांगलीत शनिवारी पहाटे ५:३० ला दिसेल; नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की ६:३० ला.