जाळ्याच्या आज्ञावलींत पहिला बदल

संगणक वापरणें निराळें आणि त्याच्या अंतरंगांतील आज्ञावली बदलणें निराळें. जाळ्यावरून संदेश धाडण्याचें व घेण्याचें काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, करीत असतो. त्या भागांत प्रथम हात कसा घालावा, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

अमरावतीहून अकोल्यास धाडलेलें पार्सल बडनेरा व मूर्तिजापूर या स्टेशनांवरून जातें. वाटेंत तें कोणी उघडीत नाहीं. वरचा पत्ता पाहून पुढें धाडतात. कर्नलचें काम असेंच आहे. तो संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटें, करतो, प्रत्येकावर पत्ता घालतो आणि पोंच न आल्यास तो तुकडा पुन्हां पाठवितो.

लिनक्सची आज्ञावली सर्वांस खुली आहे. ती वाचण्यास सी भाषा यावी लागते. तिच्या 'नेट' या भागांत 'आयपीव्ही४' हें दालन आहे. 'पिंग'ला उत्तर देणारें 'आयसीएमपी एको' हें फंक्शन तेथें सांपडेल. तें लक्षपूर्वक वाचावें. मग पिंग येतांच कर्नलच्या नोंदींत एक ओळ उमटावी, एवढाच बदल करावा. कर्नल पुन्हां कंपाइल करून व्हर्च्युअल मशीनमध्यें, म्हणजे संगणकाच्या पोटांतील कल्पित संगणकांत, चालवावा. तेथें कांहीं बिघडलें तरी घरचा संगणक शाबूत राहतो. पालकांनीं निश्चिंत असावें. पिंग करतांच ओळ उमटली, कीं पहिला धडा झाला.

एवढी सावधगिरी कां? १९८६ सालीं भारतांत अर्नेट या संगणक-जाळ्याच्या योजनेस आरंभ झाला; मुंबईची आयआयटी तींत होती. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेंत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कलेचें विद्यापीठ यांमधील, अवघ्या ४०० यार्डांवरील, संदेशांचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. वाट तुंबलेली असतांही संगणक तेच तुकडे पुनःपुन्हां लोटीत होते. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनीं बर्कले युनिक्सच्या आज्ञावलींतच उपाय केला: आरंभ हळू करावा, पोंच येईल तसा वेग वाढवावा, तुकडा हरवल्यास वेग आवरावा. १९८८ सालीं त्यांनीं तो प्रसिद्ध केला.

जाळ्याची वाट सर्वांची आहे. आपलें पॅकेट पुढें रेटण्यासाठीं जो वेग आवरण्याचा नियम काढून टाकील, तो अनोळखी शेजाऱ्याची वाट अडवील. म्हणून आधीं वाचावें, मग मोजावें, नंतर एकच ओळ बदलावी. आणि पुरती पारख झाल्यावांचून ती बाहेर सोडूं नये.